सुई जिथं पडते

बुरुलकानची ऑडी, त्र्याण्णवची, डबक्यातल्या पाण्याच्या रंगाची,
गॅरेजच्या दारात आली तीच आचके देत,
लंगड्या मेंढीसारखी.
बाहेर उणे एकोणीस. नारीन नदी इतकी गोठलेली
की कुत्री पलीकडे जाऊन भांडून परत येत होती.

"बिश्केकमध्ये प्लग बदलले," ती म्हणाली,
"कॉइल बदलली, पेट्रोलचा फिल्टर, माझा पगार.
आचका तसाच."

उस्ताद तुरगुनबाय काही बोलला नाही.
मी माझा डिजिटल मीटर पुढे केला,
नवा, चार दिवसांच्या मजुरीचा.
आकडे नुसते पळत होते.
त्यानं फळीवरून स्वतःचा काढला,
सोव्हिएत फौजेतून सुटताना आणलेला,
काचेला तडा, आत एकच सुई.
"आकडा विचार करून बोलतो," म्हणाला.
"सुई दचकते."

तीन तारा. एकीत पाच व्होल्ट, एक अर्थिंग,
तिसरी सांगते झडप किती उघडली.
इंजिनचा मेंदू तिच्याच तोंडाकडे बघत बसतो,
त्याला स्वतःचे डोळे नाहीत.

उस्तादनं बोटानं झडप उघडायला घेतली,
सायीला धक्का न लावता दूध चाखावं तशी.
अर्धा व्होल्ट. पाऊण. एक.
सव्वा—
सुई पडली.
पापणी लवते तेवढंच, पार शून्यावर,
मग वर, जसं काही झालंच नाही.
मागे आणली. परत तिथंच.
सात वेळा तिथंच.

"पाय इथं ठेवतेस तू," तो म्हणाला. विचारलं नव्हतं त्यानं.
"रोज. तासन् तास. बाकीची पट्टी कोरी करकरीत."

तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले.
आत-बाशीचा रस्ता. मागच्या सीटवर
दिवस भरलेली कुणीतरी,
खड्डा आला की आरशात तिचा चेहरा बघायचा,
पुढे मेंढ्या, मेंढ्या, मेंढ्या.
अकरा वर्षं.
"याहून जोरात नेली तर तिला सोसत नाही.
याहून हळू, तर पोर गाडीतच."
थांबली.
"तीन झालीत गाडीत."

जिथं जपून पाय ठेवला, नेमकं तिथंच झिजलं,
हे मी मनात म्हणालो. उस्ताद तोवर
स्क्रूड्रायव्हर शोधत होता.

नवा सेन्सर गुरुवारी येणार, मिनीबसच्या ड्रायव्हरच्या खिशातून.
आज मंगळवार, आणि वरच्या वस्तीत एकीच्या कळा
कालपासून येऊन-जाऊन.
त्यानं दोन स्क्रू सैल केले,
जुनाच सेन्सर केसभर फिरवला, आवळला.
मेलेली जागा मेलेलीच होती,
तिच्या पायाखालून बाजूला झाली फक्त.
"उभी असताना जरा गुरगुरेल. गुरगुरू दे."

गुरुवारी आली.
मागच्या खिडकीला लटकवलेला टॉवेल
पत्र्यासारखा कडक गोठलेला.
"चार," म्हणाली. "मुलगा.
गुरगुर ऐकत झोपला, बंद केली की रडायचा."
आणि बॉनेट तिनंच उघडलं.