दाण्याएवढी

मार्केट यार्डात दिवसभर गुळाच्या ढेपा मोजतो,
शर्टाला वास तोच.
घरी आलो की रेवू खिशात हात घालते.
खडा असतो.
असायचा.

विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
शिकलगार डॉक्टरीणबाई गुडघ्याला गुडघा लावून बसल्या,
मधे ही उताणी, रडून लाल.
सोळा दात. वरच्या दोघांवर खडूची पुसट रेघ.
"कीड नाही अजून. रात्रीची बाटली बंद."
मी खिसा चाचपला.
तेवढ्यात ती त्यांच्या बोटाला चावली.
"धार आहे," त्या म्हणाल्या.

आता झोपताना पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी.
टनांचा हिशेब ठेवणारा मी
तो दाणा दोनदा बघतो.
ती ओठ मिटते.
मग आधी मीच आ करतो.
ती बोटाने मोजते, एक, दोन, पाच,
आणि माझ्या काळ्या दाढेपाशी
थांबते.