टोचेल हं थोडं

वाशीच्या लॅबमध्ये सकाळी साडेसहापासून
मी लोकांचं रक्त काढते.
मूठ आवळा म्हणते, शीर चाचपते,
आणि सुई टेकवण्याआधी प्रत्येकाला सांगते,
टोचेल हं थोडं.
बावीस वर्षांत एकदाही विसरले नाही.

घणसोलीच्या त्या हॉलमध्ये,
खाली टाइल्सचं दुकान, वर आमची सहभागिता,
मला कुणी सांगितलं नव्हतं.

सातव्या महिन्यात बाळ गेलं माझं.
पाळकसाहेब म्हणाले, घरात काहीतरी झाकलेलं आहे.
मग मी उघडत गेले.
दर रविवारी एक, माइकसमोर उभी राहून:
कॉलेजात चोरून पाहिलेले सिनेमे,
सासूबद्दल मनात आलेलं,
शेजारणीच्या गणपतीचा खाल्लेला मोदक.
पापं संपली तेव्हा रचून सांगितली.
लोक हालेलुया म्हणाले.

मग तेल. मग हात.
डोक्यावर ठेवलेला हात जड असतो, ते ठीक,
पण तो ढकलत होता.
जे पडतात त्यांच्यावर आत्मा उतरला,
जे उभे राहतात ते अडून बसलेत.
मी तीन रविवार उभी राहिले.
चौथ्याला पडले.
खरं सांगते, घरी दुधाची पिशवी बाहेर राहिली होती
आणि दीड वाजत आला होता.
कुणीतरी माझ्या पायांवर चादर टाकली.
चादरीखाली मी दुधाचा विचार केला
आणि बाळाचा.

त्यानंतर दोन वर्षं
कुणी मागून खांद्याला हात लावला
की माझी मान आत जायची, गोगलगायीसारखी.
शांतवनने लावला तरी.
प्रार्थनेला गुडघे टेकले
की कानात माइकची शिट्टी.

नेरूळला शैलाताई धामणकर,
निवृत्त फिजिओथेरपिस्ट, आता रेकी देतात.
आई राहुरीहून फोनवर ओरडली,
परक्या दारात कशाला जातेस!
मी पर्समध्ये स्तोत्रांचं पुस्तक घालून गेले,
कुत्र्यांच्या गल्लीतून जाताना काठी न्यावी तशी.

त्यांनी विचारलं, हात ठेवू का?
नको म्हणालात तरी चालेल.
मी नको म्हणाले.
नको म्हणाले
आणि खोलीत काही कोसळलं नाही.
पंखा फिरत राहिला. खाली भंगारवाला ओरडत गेला.
त्यांचे तळवे माझ्यापासून वीतभर वर,
थंडीत चुलीवर धरावेत तसे.
शेकत कोण होतं, कळलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी मात्र त्या म्हणाल्या,
तुमच्या पोटापाशी काहीतरी साचलंय, जुनं.
मी उठले. चप्पल शोधू लागले.
माझ्या आतलं मला न विचारता वाचणारा माणूस
कुठल्याही देवाचा असो, मी ओळखते.
शैलाताईंनी हात मागे घेतले.
चुकलं माझं, म्हणाल्या.

त्या हॉलमध्ये सहा वर्षांत
हे दोन शब्द फक्त मीच बोलले होते.

दारात रडले. एका पायात चप्पल.

ऊर्जा असते का, मला माहीत नाही.
आमच्या रिपोर्टमध्ये ती येत नाही.
पण गर्दीत मागून येऊन झग्याच्या काठाला शिवलेली
ती रक्त जाणारी बाई,
तिला बारा वर्षं कोण काय काय म्हणालं असेल
ते आता मी ऐकू शकते.
त्याने तिला ढकललं नाही.
कोण शिवलं, एवढंच विचारलं,
आणि तिचं सांगून होईपर्यंत थांबला,
पुढे घाईचं काम असताना.

काल रात्री शांतवन झोपल्यावर
मी माझाच हात माझ्या पोटावर ठेवला.
आधी विचारलं.
टोचेल हं थोडं, म्हणाले.
बाळाचं नाव आम्ही ठरवलं होतं,
माइकवर ते एकदाही सांगितलं नव्हतं.
ते उच्चारलं.
तळवा गरम होता. कुणाची ऊब, विचारू नका.
आमेन म्हणाले, पंख्यालाही ऐकू जाणार नाही असं,
आणि उठून
दुधाची पिशवी फ्रीजमध्ये आहे ना, बघून आले.