आधी दोन, मग चाळीस

पोफळीला फांदी फुटत नाही.
शिरोड्याला आमच्या कुळागरात चारशे पोफळी आहेत,
सगळ्या सरळ, एकेकट्या.
मूळ प्रकल्पातल्या लोकांनी जुन्या प्रणालीचा आधार काढून टाकला
त्या रात्री मी माझी फांदी वेगळी केली
आणि तेव्हापासून ती धरून बसले आहे.

राग नाही आला. खरंच.
अकरा हजार ओळी, कोण सांभाळणार?
त्यांच्या जागी असते तर मीही काढल्या असत्या,
आणि निरोपात 'क्षमस्व' एवढंही घातलं नसतं.

यंत्र पांढरं होतं, आता सायीसारखं पिवळं.
घड्याळाची बॅटरी मेली आहे त्याची.
वीज जाऊन आली की ते जागं होतं
एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला.
गोवा मुक्त होऊन आठ वर्षं,
बाबा चौथीत, पाटीवर उजळणी करणारे.
मी सांगते, अरे, पुढे ये. येतं बिचारं.

एक बिल्ड नऊ तास.
जेवणं झाली की लावायचं,
पहाटे पोदेराचा भोंगा वाजला की बघायचं.
बहुतेकदा चारशे बाराव्या ओळीवर अडलेलं.
पाव गरम, चहा गरम,
आणि कुठलं तरी हेडर मागतंय
जे वीस वर्षांपूर्वी कुणाला सुचलंच नव्हतं.
मग आंघोळ करून पंचायतीत.
दिवसा मी जन्ममृत्यूचे दाखले देते.

किती जण वापरतात, ते मोजायची सोय
मी मुद्दामच ठेवली नाही.
एक तेवढे ठाऊक आहेत.

मेस्त कायतान बार्रेतो, गाव राय.
पोरांना व्हायोलिन शिकवतात.
चौदाशे चिजांचं नोटेशन त्यांच्या जुन्या यंत्रात,
जुन्याच साच्यात. नव्या यंत्रावर उघडलं
की नुसते चौकोन.
फेस्ताला नऊ दिवस असताना फोन आला:
"बाय, सूर उलटे पडले गो."

उलटेच पडले होते.
त्यांचं यंत्र मोठा भाग आधी ठेवतं,
आजची यंत्रं लहान आधी.
मी बसवलेल्या पॅचने धरूनच चाललं होतं
की जगात आता एकच रीत उरली.
आपलं तरी काय?
लिहिताना आधी चार, मग दोन.
बोलताना आधी दोन, मग चाळीस.
हात एक सांगतो, तोंड दुसरं,
आणि बाजारात हिशेब चुकत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची. शोधायला सहा रात्री.
पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून
स्कूटरने बोरीचा पूल ओलांडला.

मेस्तांनी पान छापून पाहिलं, मान हलवली,
आतून दोदोल आणला.
पैसे किती विचारलं. मी दोदोल खात राहिले.
मग म्हणाले, "फाल्यां परत बिघडलं तर?"
परवान्यात स्वच्छ लिहिलंय,
इंग्रजीत, सगळी अक्षरं मोठी:
कसलीही हमी नाही.
दर आवृत्तीला तो मीच जोडते.
म्हटलं, "फोन करा."

तीन वर्षं झाली. फोन नाही.
पॅच सदतीस झालेत.
तिकडे काही बदललं की इकडे सगळे काढायचे,
पुन्हा एकेक बसवायचा, न बसणारा घासायचा.
मामा विचारतात, रात्रभर करतेस तरी काय?
काही बिघडू देत नाही, म्हटलं
तर हसतात.

गेल्या रविवारी रायवरून येत होते.
मेस्तांची खिडकी उघडी,
आत दहाबारा व्हायोलिनं,
आणि मागच्या रांगेत कुणाचा तरी
एक सूर चढा.
गाडी बंद करून ऐकलं.
पुन्हा तीच ओळ. पुन्हा चढा.

पानावर तो बरोबर आहे.
मी तपासलाय.