चोवीसास एक

दिवसा मी कवळ्या घासतो
वेंगुर्ल्यात, डॉक्टर तुळसुलकरांच्या मागच्या खोलीत.
रात्री त्याच हँडपीसने
बस्त्याव मेस्त्रींचा ट्रक.

एकोणीस वर्षं चालवला त्यांनी तो.
बांगडा, सुरमई, बर्फाचा भुसा, आंबोली, बेळगाव.
मग किलोच्या भावाने गेला.
फोटो एकच आहे, कुणाच्या तरी लग्नातला,
त्यात ट्रक पाऊण
आणि पुढे नवरीकडची माणसं.
तेवढ्यावरून मापं काढली, चोवीसास एक.

चासीला पीव्हीसीचा पाइप, उभा चिरून, गरम करून सपाट केलेला.
केबिन निवडणुकीच्या सनबोर्डातून
(हसरा उमेदवार अजून आहे, आतल्या बाजूला).
हेडलाइटच्या वाट्या गोळ्यांच्या पाकिटातल्या,
डिझेलची टाकी इंजेक्शनच्या सुईचं टोपण.
इथवर कामच होतं नुसतं.

अडलं बंपरपाशी.

चांदीचा रंग दिला,
काजूकतलीवरचा वर्ख दिसला.
डब्यातली फॉइल चिकटवली,
तिने कोपऱ्यावर सुरकुती धरली.
मेस्त्रींनी बंपर खिडकीशी नेला,
मोतीबिंदू नसलेल्या डोळ्यापुढे धरला.
"ह्या भांडा झाला रे.
क्रोमाक सोताचो रंग नसता.
समोर जा असता, ता तेचा."

म्हणून आधी काळा.
दोन हजारच्या पेपरने पाण्यात घासलेला,
मग दंतमंजनाने, मग अंगठ्याच्या नुसत्या कातड्याने,
बल्बमधली तार मोजता येईपर्यंत.
काळ्यात राहिलेला केसाएवढा ओरखडा
वर चांदी चढली की ओरडतो.
कवळीचंही असंच.
डोळ्याला चुकवता येतं, जिभेला नाही.

त्यावर अॅल्युमिनियमची धूळ, एअरब्रशने, कमी दाबावर,
चहावर फुंकर घालावी तेवढीच.
जास्त झाली की पत्रा,
कमी झाली की परत काळा.

पण इथली हवा!
बरणीतलं मीठसुद्धा रडतं जिथे,
तिथे लॅकरने काय करावं?
मोतीबिंदूसारखा पांढरा पडदा धरला त्याने.
तीनदा उतरवला थिनरने.

पौषात चार दिवस मतलई आली, कोरडी खडखडीत.
तांदळाचं पिंप रिकामं केलं,
आत बंपर टांगला दोऱ्याने, झाकण लावलं.
आठवडाभर भाताला थिनरचा वास,
आणि घरात माझ्याशी कुणी बोलेना.

निघाला तेव्हा असा चमकत होता
की खोटा वाटला.
चोवीसपट लहान ट्रकाला
ऊनही तेवढंच लहान लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
आभाळ आलं होतं वरच्या अर्ध्यात,
पण रस्ता?
मग मधून एक मळकट रेघ ओढली,
खालून जांभ्याचा लाल, पाण्यात विरलेला,
बोल्टांच्या डोक्यांभोवती गंज,
कपाच्या तळाशी उरतो ना, तेवढ्या चहाचा.

रविवारी मिस्साहून मेस्त्री तडक आले.
बसले नाहीत.
बराच वेळ बघून डाव्या टोकावर त्यांनी बोट टेकवलं, दाबलं.
"हयसर पोचो होतो."
"घाटात?"
"न्हय."
आणि मग, टोपी घालता घालता,
"कोणाक सांगू नको."
मला सांगण्यासारखं त्यांनी काही सांगितलंच नव्हतं.

बोट लावायचं नसतं,
हे मी सांगायला विसरलो.
आता तिथे ठसा आहे.
तेलकट, काळपट,
रेघान् रेघ दिसते.

फोटो पुन्हा काढून पाहिला.
ते टोक नवरीच्या मामाच्या मागे आहे.

बोळा भिजवून ठेवलाय.
थिनर उडून चाललंय वाटीतलं,
आणि मतलई, म्हणतात,
आज रात्रीपुरतीच आहे.