डेमो

कन्नमवार नगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
पलंग तीन तुकड्यांत वर आणला,
दारातला चपलांचा स्टँड हलवावा लागला.

"आधी तुम्ही झोपून दाखवा," घाडीकाकू म्हणाल्या,
"यांचा विश्वास नाही कशावर."

बूट काढले. मोज्याला भोक.
पडलो.

काकांनी खुर्चीतूनच रिमोट मागितला.
एकच हात उरलेला, अंगठा कापरा.
डोकं वर. मग गुडघे.
मी पाठ केलेलं म्हणत होतो:
मोटर, वॉरंटी, महिन्याचं भाडं, डिपॉझिट परत...
मधेच कुठेतरी थांबलो.
पंख्याभोवती छताचे पोपडे.
कमरेतला सकाळपासूनचा भांडुप, मुलुंड
हळूहळू सुटत होता.

काका वाकड्या तोंडाने काहीतरी बोलले.
"विचारतायत," काकू म्हणाल्या, "बरं वाटतंय का?"

महिनाअखेर. टार्गेटला दोन पलंग कमी.
हो म्हणालो.
खाली यायचं बटण
काकांच्या हातात होतं.