सोमवारी दालन बंद असतं

सोमवारी लिबेरेत्सचं दालन बंद असतं.
मी बादली घेऊन आत शिरते तेव्हा
अठ्ठावीस काचा उभ्या असतात
आणि एक बाई अठ्ठावीस वेळा
बादली खाली ठेवते.

आधी नाकांचे ठसे.
लोक फार जवळ जातात, स्वतःच्या.
मग पोरांचे तळवे, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर.
एकदा तांबड्या काचेवर लिपस्टिक होती,
दिसलीच नाही,
फडक्यावर आली तेव्हा कळली.

मधाच्या रंगाच्या काचेत मी म्हणजे माझी आई,
कावीळ झाली होती त्या वर्षीची.
निळीत कुणीतरी बुडालेलं वर येऊ बघतं.
हिरवी बरी.
जांभळीसमोर मी थांबत नाही.

ज्या मुलीनं हे मांडलंय, ती प्रागची,
ड्राहोमीरा. स्वभावाने गोड.
पत्रकारांना सांगत होती,
ही काच बघणाऱ्याला परत करते.
मी खिडकीची कड पुसत होते.

काच कसली परत करतेय!
करते ती पाठीवरची चांदी.
बावीस वर्षं याब्लोनेत्सच्या कारखान्यात
नाताळच्या गोळ्यांच्या पोटात मी ती ओतली:
चार थेंब, कोमट पाणी, मनगटाला एक झोका,
आणि आतून उजेड.
काम चांदीचं, बोटं मात्र कोळशाची.
लग्नाच्या फोटोत मी हातमोजे घातलेत,
जूनमध्ये.

कारखाना एका गुरुवारी बंद झाला.
खोक्यात भरायचा माल तसाच राहिला.

आज सतराव्या काचेमागे जळमट दिसलं
म्हणून वाकून गेले.
मागचा तपकिरी लेप.
ब्रशचे फटकारे उजवीकडून डावीकडे,
शेवटी जरासे वर उचललेले.
आमच्यात डावखुरा एकच होता, ओताकार.
अजून हात चालतो तर त्याचा.
मला वाटलं होतं, मुलाकडे गेला ऑस्ट्रावाला,
संपला.

भिंतीवरच्या पाटीवर ड्राहोमीराचं नाव आहे,
साल आहे, ‘रंगीत आरसा, लोखंड’ आहे.
बरोबरच आहे सगळं.

खालच्या कोपऱ्यात, लेप ओला असताना
उमटलेला एक अंगठा.
मी माझा त्यावर टेकवून पाहिला.
त्याचा मोठा.

मागची बाजू पुसायला मला कुणी सांगितलेलं नाही.
जळमट तेवढं काढलं.
मग पुढे येऊन सतरावी काच
पुन्हा एकदा पुसली,
कोरड्या फडक्यानं.