शनिवारचा तास

शनिवारी दप्तर नसतं.
औशाच्या शाळेत, झेंड्याच्या ओट्यामागं
मी तुरीची चिपाडं पेटवतो
आणि लेकरं विचारतात,
मामा, हलगी भाजून खायची का?

नाही रे. तिला ऊब लागते.
गार कातडं गप्प बसतं,
बाकावर उभं केलेल्या पोरासारखं.
टिचकी मारा. भद्द.
अजून शेका. भद्द. अजून.
आता बघा, टण्ण!
लागली बोलायला.

उजव्या हातात टिपरू, डाव्यात बारीक काडी.
वहीत काही लिहायचं नाही.
गुरुजी सवयीनं फळ्यावर तारीख टाकतात,
तेवढीच.

जोया दोनदा चुकते,
तिसऱ्यांदा मलाच नवा ठेका देते.
बालाजी नुसता धूर बघतो. बघू दे.

माझा बाप ही वाजवायचा
वरातीत सगळ्यांच्या पुढं,
पंगतीत सगळ्यांच्या मागं.
मला त्यानं हिला शिवू दिलं नाही,
पाटी धर म्हणाला.
मी धरली. आणि गोठ्यामागं
तेलाच्या रिकाम्या डब्यावर हेही शिकलो.

हे लेकरांना सांगावं का,
ठरवून आलो नव्हतो.

एवढ्यात देशमुखांचा नातू पुढं आला.
मामा, एकदा मला.
दोन्ही हात जोडून ओंजळ केली होती त्यानं.
अशाच ओंजळीत, हातभर वरून,
त्याच्या आजोबानं बापाला चिल्लर टाकलेली.

मी वरून नाही टाकली.
हातात दिली.

जड आहे, म्हणाला.
म्हटलं, हो.
आधी शेकून घे.